कागदावरचा दिवा

आमच्या घरी शेवंतीची रोपं कधी विकत आली नाहीत. थंडी सरता सरता फुलं वाळली की आई कात्रीनं झाडं वीतभर ठेवून छाटायची आणि मग मुळाशी निघालेल्या फुटव्यांकडे बराच वेळ पाहत बसायची. तिची निवड मला तेव्हा उलटी वाटायची. जाडजूड, टरारलेला फुटवा ती बाजूला टाकायची आणि बोटाएवढा, फिकटसा उचलायची. “हा जाड दिसते ना, तो नुसता वाढते सुमे. मुळं सोबत घेऊन आला तो घ्यायचा,” ती म्हणायची. असे निवडलेले फुटवे अर्ध्या कापलेल्या तेलाच्या डब्यांत आणि मातीच्या कुंड्यांत लागत. वर्ध्याचा उन्हाळा त्यांना न्हाणीच्या मागच्या भिंतीला टेकून, ओल्या पोत्याच्या आडोशानं काढावा लागे. पावसाळ्यात कुंडीत पाणी साचलं तर ती कुंडी आडवी करून ठेवायची, जशी एखादी बाई बाळाला पालथं घालून पाठीवर थोपटते तशी. आषाढ-श्रावणात शेंडे खुडायचे, म्हणजे झाड उंच न होता पसरतं. पोळा झाला की खुडणं बंद. सरकीची ढेप भिजवून तिचं पातळ पाणी द्यायचं, त्याचा आंबूस वास दोन दिवस अंगणातून जात नसे. एवढं केल्यावर कार्तिकात पिवळी, पांढरी आणि एक विटकरी रंगाची शेवंती अशी उमलायची की रस्त्यानं जाणारी माणसं सायकलवरून उतरत. कार्तिकी पौर्णिमेला विहारात जाणारी परडी आमच्या घरची असायची.

घरातली झाडं वेगळी. त्यांना फूल नाही, फळ नाही, म्हणून बाबा त्यांना ‘आळशी मंडळी’ म्हणायचे. समोरच्या खोलीत खिडकीपासून थोडं आत एक क्रोटन, एक नेचा आणि काचेच्या बाटलीतला मनीप्लांट होता. त्यांना आठवड्यातून एकदा पाणी आणि ओल्या फडक्यानं पानं पुसणं, इतकंच. मी कौतुकानं रोज पाणी घालून एक नेचा सडवला तेव्हा आई रागावली नाही. फक्त म्हणाली, “त्याले काय पाह्यजे ते त्याले सांगता येत नाई. म्हणून आपण आपल्या मनानं देत राहू नये.” हे वाक्य मी आज लिहिते आहे तेव्हा माझा हात थांबतो. त्या वेळी ते मला झाडांबद्दलचं वाटलं होतं, आणि ते झाडांबद्दलचंच होतं.

पोळा होऊन गेला होता, शेंडे खुडणं संपलं होतं, आणि एका सकाळी आई न्हाणीत पडली. आवाज झाला तो तिचा नव्हता, पाण्याच्या पितळी गुंडाचा होता. दादानं तिला उचलून आणलं तेव्हा तिचा उजवा हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा लोंबत होता. दवाखान्यातून पुष्कळ दिवसांनी ती घरी आली ती अर्धी आली. उजवी बाजू गेली होती आणि बोलणं गेलं होतं. ऐकू येत होतं, समजत होतं, डोळे पूर्वीचेच होते; पण तोंडातून एक लांबट ‘आ’ निघायचा, त्याच्या पुढे काही नाही. पाटी दिली तर डाव्या हातानं रेघा ओढायची, त्यांची अक्षरं व्हायची नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं की अक्षरंही त्याच वाटेनं गेली असतील. मी तेव्हा नववीत होते. पुस्तकांत डोकं घालून बसणारी मुलगी, आणि घरात पुस्तकाचा काही उपयोग होत नव्हता. मनूदादा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, कॉलेजात जाणारा. आईची पाठ पुसण्यापासून पेज भरवण्यापर्यंत सगळं आम्ही दोघांनी आणि बाबांनी वाटून घेतलं.

आईची खाट समोरच्या उघड्या छपरीत घातली, कारण आतल्या खोलीत वारा नव्हता आणि तिला अंगण दिसावं असं बाबांना वाटलं. छपरीच्या बुटक्या भिंतीवर आणि खाली ओळीनं शेवंतीच्या कुंड्या होत्या. त्यांच्या बरोबर वर एक बल्ब. आई चालती-फिरती होती तेव्हा तो बल्ब जेवणं झाली की बंद व्हायचा. धानाच्या दिवसांत हिरवे किडे येतात म्हणून ती बंद करायची, निदान कारण तेच सांगायची. आता तिला रात्री कुशीवर वळवावं लागे, पाणी द्यावं लागे, म्हणून तो रात्रभर जळू लागला.

वाचणाऱ्याला मी इथेच सांगून टाकते, कारण आम्हाला ते कळायला फार दिवस लागले आणि तेवढे दिवस दुसऱ्या कुणाला ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. शेवंतीला कळी येते ती थंडीमुळे नाही की खतामुळे नाही. आश्विनात रात्र लांबते, आणि तो लांब, सलग अंधार झाडाला मिळाला की ते कळी धरतं. रात्रभर उजेड पडत राहिला तर झाडाला वाटतं अजून उन्हाळाच चालू आहे, आणि ते नुसतं वाढत राहतं. हे मी पुढे बी.एस्सी.ला असताना वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात वाचलं, वाचनालयात, दुपारच्या वेळी. पान उलटता येईना मला.

बाबा सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. कालवे, पाट, मोऱ्या. बोलण्यात कमी आणि रेघेत पक्के. आईचं बोलणं गेल्यावर त्यांनी एका रविवारी मोठा जाड कागद खाटेजवळ पसरला, पट्टीनं चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनात एक चित्र काढलं. पाण्याचा पेला, ताट, पांघरूण, उशी, औषधाची बाटली, पंखा, दार, आम्ही दोघं, ते स्वतः चष्म्यासकट, आणि एक बल्ब, भोवती किरणं काढलेला. कचेरीच्या शाईनं, अगदी नेटकं. “हे पाह्य, आता तुले बोलाची गरजच नाई,” ते आईला म्हणाले. “नुसतं बोट लाव. जे पाह्यजे ते हजर.” आईनं चित्रं पाहिली. चष्मेवाल्या बाबांवर बोट ठेवलं आणि अर्ध्या तोंडानं हसली. बाबा म्हणाले, “मी तर हजरच हाय वं.” त्या दिवशी घरात कित्येक दिवसांनी कुणी हसलं. मेश्रामकाकू शेजारून बघायला आल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, असाच एक कागद आमच्या घरच्यायले काढून द्या. त्यायचं तोंड चालते, पण काय पाह्यजे ते वीस वर्षांत समजलं नाई.”

कागद चांगला चालला. पाणी मिळू लागलं, पांघरूण मिळू लागलं. आणि संध्याकाळ झाली, बाबांनी बटण दाबलं, की आईचं बोट बल्बवर जायचं. सुरुवातीला बाबा म्हणायचे, “लावली ना लाइट, पाह्य वर.” ती पुन्हा बोट ठेवायची. मग बाबांना वाटलं उजेड कमी पडतो. त्यांनी साठचा काढून शंभरचा लावला. ती पुन्हा बोट ठेवायची, आता जोरानं, नखानं कागदावर टकटक करत. बाबांनी बल्ब खाली सरकवून तिच्या खाटेच्या जवळ घेतला. मी माझ्या अभ्यासाचा टेबललॅम्प आणून उशाशी ठेवला. ती डोळे मिटून घ्यायची आणि डोळ्यांच्या कडेनं पाणी यायचं. “अंधाराचा धसका घेतला हो तिनं,” बाबा काकूंना सांगायचे. “न्हाणीत अंधार होता ना, तिथंच पडली. तेव्हापासून उजेडच पाह्यजे तिले.” आम्हाला हे इतकं पटलं होतं की संध्याकाळी वीज गेली की आम्ही तिघंही तिच्याकडे धावायचो.

दिव्याचं चित्र काढता येतं. दिवा नको, याचं चित्र बाबांनी काढलं नव्हतं, आणि ते काढायला हवं होतं हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

तिकडे शेवंती वाढत होती. दसरा गेला, दिवाळी आली. एरवी या दिवसांत प्रत्येक फांदीच्या टोकाला हिरवे मणी दिसायचे. यंदा नुसती पानं, गडद, मोठी, रसरशीत. दादा रोज सकाळी दात घासता घासता एकेक शेंडा वाकवून बघायचा. आईनं पूर्वी सांगितलेलं त्यानं सगळं केलं होतं. ढेपीचं पाणी दिलं, मग जास्त झालं असेल म्हणून थांबवलं. माती मोकळी केली. कुंड्यांची दिशा बदलली. हिंगणीकडच्या एका भाजीवाल्याला विचारून चुलीतली राख घातली. मावा पडला असेल म्हणून तंबाखूचं पाणी शिंपडलं, तर छपरीभर तो उग्र वास आणि आईला खोकला. मेश्रामकाकू फाटकातून म्हणायच्या, “मनू, यंदा तुमच्या शेवंतीनं संप केला का? का पालक लावला? पालक असंन तर एक जुडी दे, भाजी करू.” दादा हसून घ्यायचा. आत आला की मला म्हणायचा, “सुमे, तिनं सांगितलं असतं एका शब्दात. तिले माहीत हाय. ती तिथं पडून पाहून राह्यली अन् मी राख टाकून राह्यलो.”

त्या दिवसांतलं मला जेवण आठवतं. बाबांना भाकर थापता यायची नाही, मला यायची पण कडा फाटायच्या. वरण, भात, आणि पातळ मूग आईसाठी. दिवाळीत काकूंनी पाटोडीची भाजी पाठवली, तिचा तिखट रस आईच्या ओठाला लावला तर तिनं जिभेनं चाटला आणि कागदावर ताटाच्या चित्राला बोट लावलं. ते समजलं, म्हणून आम्हाला मोठा आनंद. कापसाचं जिनिंग सुरू झालं होतं, दूरवरून त्याची घरघर दिवसरात्र यायची, आणि त्या घरघरीत आईच्या खाटेवरचा शंभरचा बल्ब किड्यांनी भरून जायचा. कार्तिकी पौर्णिमेला विहारात आमच्या घरून परडी गेली नाही. दादानं बाजारातून झेंडू आणला. आईनं परडी बघितली आणि मान भिंतीकडे वळवली.

त्यानंतर आमच्या भागातली विजेची डीपी जळाली. मोठा आवाज झाला, निळा उजेड पडला आणि सगळी वस्ती काळी झाली. लाइनमन येऊन बघून गेला, दुसरा येऊन बघून गेला, नवीन डीपी वरून मंजूर व्हायची होती. पंधरवड्यापेक्षा जास्त दिवस वीज नव्हती. पहिल्या संध्याकाळी बाबा कासावीस झाले. रॉकेलचा कंदील होता, पण त्याच्या वासानं आईला मळमळायचं, म्हणून तो आत ठेवावा लागला. छपरीत फक्त चांदणं. बाबा खाटेजवळ बसून तिचा हात धरून म्हणत होते, “आता येईन लाइट. भिऊ नोको. मी हावो इथं.” ती झोपली होती. दुसऱ्या दिवशीही झोपली. इतकी गाढ की पाणी द्यायला उठवावं लागलं. बाबा म्हणाले, अशक्तपणा वाढला. दादानंही मान हलवली. मीही. तिचा चेहरा सुधारला होता, गालावरची ओढ कमी झाली होती, आणि आम्ही तिघं तो चेहरा बघून काळजी करत होतो.

वीज आली ती एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या वेळी. सगळ्या वस्तीतून पोरांचा ओरडा उठला. दादा कुंड्यांना पाणी घालत होता. बाबा लगबगीनं आले, बटण दाबलं, आणि “घ्या, आली,” म्हणाले. आईनं डोळे उघडले आणि कागद शोधू लागली. तो बाजूला गुंडाळून ठेवला होता. मी पसरला. तिचं बोट बल्बवर गेलं, टकटक, टकटक. “लागली वं, लागली, वर पाह्य,” बाबा म्हणाले. टकटक. दादा झारी हातात घेऊन उभा होता. तो तसाच पुढे आला आणि त्यानं बटण बंद केलं.

आईचं बोट थांबलं.

दादानं बटण पुन्हा लावलं. बोट बल्बवर गेलं. बंद केलं. बोट उचललं गेलं आणि हात पोटावर आला. “बाबा,” दादा म्हणाला, “तिले लाइट नाई पाह्यजे.” बाबांनी स्वतः जाऊन बटण लावलं, तिचं बोट बघितलं, स्वतः बंद केलं, आणि अंधारात खाटेच्या पायथ्याशी बसले. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला. “बंद कर म्हणत होती का वं तू? इतके दिवस?” आईनं तो लांबट आवाज काढला. नंतर दादानं आतला कंदील आणून दूर धरला तेव्हा ती रडत नव्हती. बाबा रडत होते.

ती शेवंतीसाठी म्हणत होती की तिला स्वतःला झोप येत नव्हती म्हणून, हे मला अजून माहीत नाही. अंधाराचा आणि कळीचा संबंध तिला ठाऊक होता का, तेही नाही. दादा म्हणायचा, ठाऊकच होता. मी म्हणायचे, डोळ्यांवर शंभरचा बल्ब असला तर कुणीही तेच म्हणेल.

बाबांनी दुसऱ्याच दिवशी नवा कागद आणला. आता प्रत्येक चित्र दोनदा, एक साधं आणि एक फुली मारलेलं. पेला आणि फुली मारलेला पेला. पंखा आणि फुली मारलेला पंखा. बाबांवरही फुली मारलेलं एक चित्र होतं. त्याला बोट लावून आईनं त्यांना एकदा छपरीबाहेर घालवलं, आणि ते बाहेर जाऊन खूश झाले. आम्हाला वाटलं आता सगळं उघडलं. एक कुलूप निघालं म्हणजे किल्ली सापडली असं आम्ही धरून चाललो.

तेव्हापासून ती एक नवीन खूण करू लागली. कागद आणला की डाव्या हाताच्या पालथ्या बाजूनं तो सारायची. मग अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणून, जणू काही बारीक पकडलं आहे असं, हात थोडा वर उचलायची आणि हळूच खाली आणायची. दोनदा. मग आमच्याकडे बघायची. आम्ही विचारायचो. सुई पाह्यजे? मीठ? कुंकू? काडेपेटी? रेडिओ लावू? कुठं खाजवते का? प्रत्येकाला ती, नव्या कागदापासून ठरलं होतं तसं, डोळे मिटून ‘नाही’ म्हणायची, आणि पुन्हा तोच हात, वर, खाली. बाबांनी तिसरा कागद केला, मग चौथा. त्यांना सुचेल ते प्रत्येक वस्तूचं चित्र त्यांनी काढलं. चाळणी, सुपारी, विळा, माहेरचं घर, तिच्या मेलेल्या भावाचा चेहरा आठवून. कचेरीतून आल्यावर ते चित्रं काढत बसायचे आणि ती एकेक कागद सारायची. चिडून नाही. ते पुढे पुढे सगळ्यात अवघड झालं, की ती चिडत नव्हती.

पौषात शेवंती फुलली. कुणाच्याही अंगणात नव्हती तेव्हा आमच्या छपरीत पिवळी, पांढरी, विटकरी अशी गच्च. दादानं भरलेली कुंडी उचलून तिच्या खाटेवर, अगदी हाताशी ठेवली. त्याला वाटत होतं की आता ती हसेल, मलाही वाटत होतं. तिनं फुलांवरून हात फिरवला, दादाच्या गालावरूनही फिरवला. मग फुलांच्या पलीकडे हात नेऊन तीच खूण केली. अंगठा आणि बोट जवळ, वर, खाली. दादा कुंडी धरून तसाच उभा राहिला. “सांग ना वं माय,” तो म्हणाला. “मी काय करू ते सांग.”

उन्हाळा लागता लागता ती गेली. शेवटच्या दिवसांत हात उचलत नव्हता, फक्त अंगठा आणि बोट जवळ यायची.

आता मी एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. दिवाळीच्या आधी रोपवाटिकेत लोक फुललेली शेवंती उचलून नेतात. मी मिटलेल्या कळ्यांची निवडते, ती जास्त दिवस टिकते. गॅलरीवर रस्त्याच्या दिव्याचा उजेड पडतो, म्हणून गेल्या वर्षीच्या कुंडीवर आश्विनात रोज संध्याकाळी जुनी काळी छत्री उघडून ठेवते. खालच्या बाई हसतात. आतल्या खोलीत सावलीची झाडं आहेत, त्यांना बोट मातीत घालून बघितल्याशिवाय पाणी देत नाही. एवढं मला येतं. झाडांचं पुष्कळसं पुस्तकात सापडतं.

त्या खुणेचं पुस्तकात काही सापडलं नाही. पण दादा होता. इतकी वर्षं, त्याचं लग्न झालं, माझं झालं, बाबा गेले, आम्ही दोघं निवृत्त झालो, आणि मधेच केव्हातरी त्याचा फोन यायचा. ‘कशी आहेस’ वगैरे काही नाही. “सुमे, वाती वळत असंन का ती?” मी म्हणायचे, “वाती आपल्या घरी कुठं होत्या रे?” त्याला पहिली मुलगी झाली तेव्हा म्हणाला, “दूध पाजाच्या आधी कपाळावरचे केस बाजूला करतेत तसं?” मी म्हणाले, “नाई.” मी त्याला म्हणाले, शेंडा खुडणं असेल, ती तुला शेंडे खुडायला सांगत असेल. तो म्हणाला, “पौषात कोण खुडते? तिले इतकं वेडं समजते का तू?” मी म्हणाले, घरातल्या झाडांची पानं पुसायला सांगत असेल, आपण पुसलीच नाहीत त्या वर्षी, धूळ बसली होती. त्यानं फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, हात हलवून बघत असावा. मला वाटलं, लागलं. मग म्हणाला, “पान पुसताना हात आडवा जाते, सुमे. तिचा उभा जाय.” आणि ते खरं होतं. हात उभा जायचा. हे जगात आता दोघांनाच माहीत होतं.

या पावसाळ्यात दादा गेला. झोपेत, कुणाला काही न सांगता. त्याच्या घरून मी दोन कुंड्या आणल्या, त्या छत्रीखाली आहेत. मला अजून सुचत राहतं. भाजी निवडताना, चष्मा पुसताना, धागा ओवताना हात वर जातो आणि वाटतं, हे असेल. कधी वाटतं, ती नुसती ‘उचला मला’ म्हणत असेल. आधी असं काही सुचलं की मी फोन करायचे, तो ऐकून घ्यायचा आणि सांगायचा, हे नाई. तेवढं एक बाद व्हायचं. आता जे सुचतं ते बाद होत नाही. सगळंच असू शकतं.